ज्या दारी धुंड नाही

फागण लागला की पैनगंगेच्या बाजूनं येणाऱ्या वाऱ्याला उपटलेल्या पऱ्हाट्यांचा सुका वास असतो. कापसाची शेवटची वेचणी, उलंगवाडी, झालेली असते, वावरं उघडी पडलेली असतात, आणि कुठल्या ना कुठल्या बांधावर काडीकचरा धुमसत असतो. फुलसावंगीकडून रानात शिरणाऱ्या वाटेवर मोहाची फुलं गळायला लागतात. सकाळी त्या वाटेनं सायकल काढली की ती चाकाखाली चिरडतात आणि एक गोड, आंबूस वास पायजम्याच्या काठाला चिकटून दिवसभर सोबत राहतो.

अशा दिवसांत दुपारी दवाखान्याच्या पडवीत बसलो असलो की दूर कुठल्या तरी तांड्यावर डफ वाजतो. आमचा शिपाई लगेच दारात जाऊन मान डोलावतो. "सायेब, होळी आली," असं मला सांगतो. मी हूं म्हणतो आणि मनातल्या मनात दारं मोजायला लागतो. यंदा कोणत्या दारी धुंड, कोणत्या दारावरून गेरिये पुढे जाणार. चाळिशी ओलांडली, सणातलं माझ्यापाशी एवढंच उरलं आहे.

आमच्या भागातल्या तांड्यांवर गोर बंजारा लोकांची अशी रीत आहे की मागच्या होळीनंतर ज्या घरी मुलगा जन्मला, त्या घरी या होळीला धुंड होते. गेरिये म्हणजे होळीचा मान सांभाळणारे जवान पोरं. ते डफ वाजवत दारी येतात. घरातली वडीलधारी बाई बाळाला मांडीवर घेऊन बसते, वर कापड धरतात, त्यावर काठीला काठी वाजवत गेरिये गातात. बाळ दचकून रडतं, आणि ते रडलं की सगळा तांडा हसतो. मग गुळाचं गोड वाटतात. ज्या दारी मुलगी झाली, त्या दारावरून गेरिये पुढे जातात. टोमणा नाही, वाईट शब्द नाही. नुसते पुढे जातात. त्या पुढे जाण्याचा आवाज मी ऐकला आहे. डफ तेवढ्या दारापुरता हळू होतो.

मी त्या तांड्यावर पहिल्यांदा गेलो तो धुंड बघायला नव्हे. हिवतापाच्या खात्यात नुकता लागलो होतो आणि पाठीवर पावडरीचा पंप होता. पावसाळ्याआधी घराघरांत, भिंतींवर, गोठ्यात पांढरं फवारायचं आणि दारावर तारीख घालायची, हे काम. बायांनी भिंती नुकत्याच सारवलेल्या. एका दारात एक म्हातारी आडवी उभी राहिली. कोपरापर्यंत बलोतीच्या बांगड्या, कानाशी चांदीचे घुगरे, आणि तोंड असं की पंपाचा दट्ट्या माझ्या हातात थांबला.

"काय रे पोट्ट्या, माह्या भितीवर काय मुतून राह्यला?"

"औषध आहे, याडी. यानं मच्छर मरतात."

"मच्छर मरते म्हनते! पह्यले मांजर मरन. मंग उंदरं होतीन. मंग तू उंदराचं औषध घेऊन येजो."

ही धेनी याडी. याडी म्हणजे आई; सगळा तांडाच तिला याडी म्हणे. तिची सासू लदेणीत जन्मलेली, म्हणजे बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूख हिंडणाऱ्या काफिल्यात. धेनी याडीला बैलांची नावं अजून पाठ होती. तिनं नऊ बाळंतपणं काढली. हाती लागली तीन पोरं, त्यातला धाकटा थावरा. बाकीची कुठं गेली असं विचारलं तर भादव्याकडे बोट करावं तसं हातवारे करून ती म्हणे, "ताप." त्या दिवशी ती दारातून हलली, पण मला पाणी दिलं नाही. उन्हाळ्यात तांड्यावर पाणी न मिळणं म्हणजे काय, ते मला कळलं.

त्या पावडरीनं काय केलं ते मला कागदावरून कधीच समजलं नाही. धुंडीवरून समजलं. पहिल्या फागणात मी तापाच्या गोळ्या घेऊन गेलो तेव्हा गेरियांचं काम ऊन तापायच्या आत आटोपलं होतं. मग दर वर्षी त्यांना उशीर होत गेला. दोन-तीन वर्षांत अशी वेळ आली की सूर्य कलला तरी दारं संपेनात, गाणाऱ्यांचे आवाज बसले, गूळ कमी पडला आणि राहिलेल्या दोन घरांची धुंड दुसऱ्या सकाळी झाली. बाया पहिल्याइतक्याच बाळंत होत होत्या. एवढंच झालं होतं की श्रावण-भादव्यात पोरं मरेनाशी झाली होती. त्या वर्षी धेनी याडीनं मला आपणहून पाण्याचा लोटा दिला आणि म्हणाली, "यंदा पोट्टे लय पिकले रे, पावडरवाल्या." माझ्या आयुष्यात मला मिळालेली ती एकच शाबासकी, असं मी बराच काळ समजत होतो. आता त्या आठवणीपाशीही मी जरा जपूनच जातो.

आमच्या घरात त्याच सुमारास दुसरीच मोजणी चालली होती. छप्पनच्या दसऱ्याला बाप नागपूरला जाऊन आला, आला तो पांढऱ्या कपड्यात, आणि घरातले देव टोपलीत घालून त्यानं पैनगंगेत सोडले. पुढं एकसष्टची शिरगणती आली, ती अशाच फागणाच्या तोंडावर. बाप सकाळपासून दारात बसला. मोजणीवाले मास्तर आले तसा तो उभा राहिला.

"धर्म बौद्ध लिवा."

"लिहिलं, बाबा."

"वाचून दाखवा."

मास्तरांनी वाचलं. बापाला अक्षर येत नव्हतं. त्यानं माझ्याकडं पाहिलं, मी मान हलवली, तरी त्याचा विश्वास बसेना. "शिसपेन नोको," तो म्हणाला. "शाईनं लिवा. शिसपेन पुसते." मास्तर हसले, मला लाज वाटली. आज वाटते ती वेगळी लाज आहे. पिढ्यान्पिढ्या ज्याला कोणी माणसात मोजलं नाही, त्यानं पहिल्या मोजणीवर संशय घेतला, यात हसण्यासारखं काय होतं?

म्हणून पासष्ट-सहासष्टमध्ये आम्हां काही जणांना हिवतापाकडून कुटुंब नियोजनाकडे घेतलं आणि मी घरी ते सांगितलं, तेव्हा बाप बराच वेळ सुपारी कातरत बसला. मग म्हणाला, "आत्ता कोठी मोजनीत आलो, अन् तू सांगत फिरनार का कमी व्हा?"

मी त्याला समजावलं. जे मला यवतमाळच्या प्रशिक्षणात समजावलं होतं, तेच. एका मोठ्या खोलीत भिंतीवर वयानुसार माणसं मोजलेली दोन चित्रं टांगली होती. एक गरीब देशाचं: खाली पोरांची पट्टी रुंद, वर चढत जाताना अरुंद, शेंड्याला म्हातारे मूठभर. जिनिंगच्या अंगणात कापसाची गंजी दिसते तसं. दुसरं श्रीमंत देशाचं: खालून वरपर्यंत जवळजवळ सारखं, कणगी उभी करावी तसं. शिकवणारे डॉक्टर हुशार होते, तळमळीनं बोलत होते. कणगीकडे बोट करून म्हणाले, आपल्याला इथं पोचायचं आहे. खायला कमी आणि खाणारे जास्त, हे त्यांनी नीट पटवून दिलं, आणि ते खोटं नव्हतं. त्याच साली पाऊस हटला होता आणि आम्ही रेशनवर परदेशी लाल मिलो ज्वारी खात होतो.

मी त्या गंजीकडे बघत होतो. पट्टी वर चढताना आखूड होते, म्हणजे मधली माणसं कुठं गेली? धेनी याडीची सहा पोरं त्या उतारावरून खाली पडली असणार. मी हात वर करून विचारलं, "साहेब, त्या देशांत पोरं आधी कमी झाली की मरणं आधी कमी झाली?" डॉक्टर म्हणाले, "चांगला प्रश्न आहे. मरणं आधी." मग घड्याळ पाहून ते पुढच्या चित्राकडे वळले. त्या देशांना मरण कमी झाल्यावर दमानं, दोन-तीन पिढ्यांनी पोरं कमी करायला सवड मिळाली होती. आमच्या तांड्याला पावडर येऊन आठ वर्षंही झाली नव्हती. हे मला त्या खोलीत उमगलं, आणि तरी मी वही मिटून जेवायला गेलो.

श्रीमंत देशांची ती गोष्ट मी एकदा धेनी याडीलाही सांगितली होती. तिथं घरात दोनच पोरं असतात, आणि म्हातारी माणसं खूप जगतात.

"दोनच?"

"दोनच."

"अन् म्हातारे लय?"

"हो."

"मंग इतक्या म्हाताऱ्यायले पानी कोन देते?"

मी गोळ्यांची पिशवी आवरायला लागलो. तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी काहीतरी लपवतो आहे. तांड्यावर तेव्हा सगळेच एकमेकांकडे तसं पाहत होते. मिलो खाल्ला की बाईचं पोट बंद होतं, अशी आवई होती. दिवस राहू नयेत म्हणून बाईच्या पोटात बसवायची लूप नावाची पांढरी नागमोडी वस्तू काळजात चढते, अशी दुसरी. आणि या सगळ्याच्या मुळाशी एक साधा प्रश्न होता, तो थावरानं मला तोंडावर विचारला. "पह्यले तुमीच पोट्टे वाचवले, आता तुमीच म्हनता करू नका. नेमकं काय पायजे जी सरकारले?" पावडरही परदेशातून आलेली, मिलोही, लूपही. मी सरकारचा माणूस असून रात्री अंथरुणावर तोच प्रश्न माझ्याही मनात येई. दिवसा मी तो थावराच्या अडाणीपणात जमा करून टाकी.

थावराची बायको सोनकी. तिच्या थोरल्या मुलीला मी तापाच्या गोळ्या दिल्या होत्या आणि ती पोरगी जगली होती. त्यामुळं सोनकी मला भाऊ म्हणे. हसली की सगळ्यांत मोठ्यानं हसायची, आणि सासूसमोर बोलायला भ्यायची नाही. तिच्या दारी धुंड झालेली मी पाहिली नव्हती. तीन फागण गेरिये त्या दारावरून पुढे गेले, नंतर चौथी मुलगी झाली.

त्यानंतरच्या होळीला मी तांड्याकडे निघालो तर बायांनी वाटेवर दोर धरलेला. होळीत वाटसरूला अडवून फगवा, म्हणजे सणाची बक्षिसी, मागायचा त्यांचा हक्कच असतो.

"पावडरवाला आला वं! धरा याले!"

"फगवा देल्याबिगर जाऊ देनार नाही."

"माझ्यापाशी फक्त गोळ्या आहेत," मी म्हणालो. "कडू."

"तेच द्या," सोनकी ओरडली, "आमच्या सासूले चारतो, तोंड गोड होईन!"

बाया हसून हसून वाकल्या. त्या गलक्यात सोनकीनं सायकलचं हँडल दोन्ही हातांनी धरलं, फगव्यासाठी झोंबते आहे असं दिसावं म्हणून ते हलवत राहिली, आणि चेहऱ्यावरचं हसू तसंच ठेवून खालच्या आवाजात म्हणाली, "भाऊ, ते दवाखान्यातलं मले पायजे. बायायचं. या खेपेले मी मेलतीच. रगत थांबे ना. सासूले सांगू नका जी, अन् थावराले तर अजिबातच नका सांगू."

"बाजाराच्या दिवशी या," मी म्हणालो.

मग ती मोठ्यानं ओरडली, "सोडा वं याले, भिकारी हाय!" आणि दोर खाली पडला.

ती आली, पोरीचा कान फुटला या निमित्तानं. दवाखान्यात शिबिराची गर्दी होती. तिचं काम पाच-दहा मिनिटांत झालं. मी तिला सांगितलं, जड उचलू नका, रक्त जास्त गेलं तर या. एवढंच सांगितलं. लूप काढता येतो, हवं तेव्हा काढता येतो, हे मी तिला सांगितलं नाही. कोणालाच सांगत नसे. सांगू नका असं मला कोणी बजावलं नव्हतं. माझं मीच ठरवलं होतं की विचारलं तर सांगायचं. काढता येतं असं कळलं तर सासूच्या एका शिवीसरशी निम्म्या बाया परत येतील, ही माझी भीती. आणि जिला ठाऊकच नाही ती विचारणार कशी, हे कळण्याइतका मी शहाणा होतो. सोनकीला कायमचं थांबायचं होतं की अंगात रक्त भरेपर्यंत थोडी उसंत हवी होती, हेही मी विचारलं नाही. त्या दिवशी सायकलवरून घरी जाताना मी गुणगुणत होतो. कशाचा आनंद होता? एका बाईचा जीव वाचला त्याचा, की माझ्या खाती एक बाई आली त्याचा? तेव्हा पहिलं वाटलं होतं. आता खात्री वाटत नाही.

वर्ष गेलं. फागणातच ढाणकीच्या बाजारात मिरच्यांच्या ढिगाशी उभा होतो, तर मागून कोणीतरी मनगट पकडलं. बलोत्यांच्या आवाजावरून ओळखलं.

"पावडरवाल्या, थांब."

"काय याडी, बाजार केला का?"

"बाजार जाऊ दे. तुह्ये पोट्टे किती रे?"

"पाच."

"अन् तुह्यासाठी नाही का तो दवाखाना?"

मिरचीवाला फिस्सकन हसला. मीही हसलो. याडी हसली नाही. तिनं मला ढिगापासून बाजूला ओढलं, एका सोडलेल्या गाडीच्या आडोशाला.

"माही सून कोरडी पडली. पह्यले कशी दर दुसऱ्या वर्सी बाळंत होये. आता काहीच नाही. मी देवीले बोकड बोलली. थावरा दुसरी पाहू म्हनते, मी त्याले थांबवून राह्यली. तू खरं सांग. तुमी लोकायनं तिले काही केलं का?"

तिचा हात माझ्या मनगटावर होता, पण त्यात जोर नव्हता. ती धाक दाखवत नव्हती. विचारत होती. खरं सांगितलं असतं तर सोनकीच्या पाठीवर काठी तुटली असती, असं मला वाटलं. कदाचित तुटली असती, कदाचित याडी चार शिव्या हासडून तिला लूप काढायला घेऊन आली असती, आणि दुसरी बायको आलीच नसती. "मला ठाऊक नाही" एवढं म्हटलं असतं तरी चाललं असतं. पण माझ्या तोंडून निघालं, "देवाची मर्जी, याडी."

ज्याच्या बापानं घरातले देव नदीत सोडले, त्याला खोटं बोलायला पहिला देवच सापडला.

याडीनं मनगट सोडलं. मग पदर सावरत म्हणाली, "देवाची मर्जी असन, तर देवाले दुसरा दरवाजा दाखवा लागन."

वैशाखात थावरानं दुसरी बायको आणली. जमनी तिचं नाव, पुसदकडच्या तांड्यावरची, सोनकीच्या थोरलीपेक्षा सात-आठ वर्षांनीच मोठी असेल. दोन बायका करू नयेत असा कायदा झालेला होता. तो आमच्या वस्तीत आणि शहरातल्या माडीवाल्यांतही कुठं पोचला होता, की थावरालाच नाव ठेवावं? सोनकीनं नव्या नवरीला स्वतः हळद लावली, असं मला कळलं. मी पुढची जवळजवळ दोन वर्षं त्या वाटेनं कमी गेलो. दुसऱ्या तांड्यांवर काम निघे, किंवा मी काढी.

यंदाच्या, म्हणजे एकोणसत्तरच्या फागणात थावराच्या दारी धुंड झाली. मला निरोप होता. न जाणं जास्त दिसलं असतं, म्हणून गेलो. पळसाच्या पाण्यानं गेरियांचे सदरे केशरी झाले होते. जमनीचं पोर धेनी याडीच्या मांडीवर होतं. म्हातारीचे घुगरे डफाच्या तालावर हलत होते, आणि गाणाऱ्यांपेक्षा तिचाच आवाज वर चढत होता. जमनी दाराच्या आत, अंधारात उभी. ज्या दारापाशी डफ इतकी वर्षं हळू व्हायचा, तिथं तो पोरांनी फाटेस्तोवर बडवला. सोनकीच्या चारही मुली गर्दीत पुढं घुसून नाचत होत्या. त्यांच्यासाठी कोणी कधी काठी वाजवली नव्हती, पण भावाची धुंड म्हणून त्यांना कोण आनंद! मी तो आनंद न्याहाळत राहिलो. त्यातही कुठं काही खोट सापडते का, असं माझं डोळ्यांनी शोधणं चाललं होतं. सवय लागली की माणूस पोरींच्या नाचावरही संशय घेतो.

गोड वाटायचं काम सोनकीकडे होतं. माझ्यापुढं द्रोण धरून ती म्हणाली, "घ्या जी. देवाची मर्जी."

बाजारातलं बोलणं तिच्यापर्यंत आलेलं होतं. मी द्रोण घेतला.

होळीनंतर थोड्याच दिवसांनी, परवा, पडवीत बसलो असताना दोघी आल्या. सोनकी पुढं, जमनी मागं, पोर जमनीच्या कडेवर. नव्या नर्सबाई दारात तांदूळ निवडत होत्या. दुपारचा रुग्ण कोणी नव्हता.

"भाऊ, हे जमनी," सोनकी म्हणाली. "हिलेबी लावून द्या ते. एक पोट्टा झाला घरात. म्हातारीची धुंड झाली. आता पुरे."

मी सोनकीकडं पाहिलं. सवतीला आणखी मुलगे झाले तर वावराचे तुकडे होणार, आपल्या मुलींना काही उरणार नाही, म्हणून आणलं असेल का? की बाळंतपणानंतर ही पोरगी महिनाभर तापानं फणफणत होती आणि सोनकीनंच तिची उस्तवार केली होती, त्या मायेनं आणलं असेल? दोन्ही खरं असेल. तीन वर्षांपूर्वी मी असला विचारच केला नसता. बाई दारात आली, माझं काम झालं.

"तू बोल गं," नर्सबाई जमनीला म्हणाल्या. "तुला पाहिजे का?"

"बाई म्हनते तसं," सोनकीकडं मान वळवून जमनी म्हणाली.

"सोनकीबाई," मी म्हणालो, "तुम्ही जरा त्या लिंबाखाली बसा."

"काहून? माह्यासमोर का लाज हाय तिले?" असं पुटपुटत ती उठली, पण लिंबापर्यंत गेली नाही. पडवीच्या पायरीवरच पाठ करून बसली.

जमनीनं आधी तिच्या पाठीकडं पाहिलं, मग नर्सबाईंकडं. "मले पोट्टी पायजे," ती म्हणाली.

नर्सबाईंचा तांदळातला हात थांबला. "पोरगी? मुद्दाम?"

"हा तर म्हातारीचा हाय. भूक लागली तरच माह्यापाशी येते. बाईच्या पोट्ट्या पहा, तिच्या मागंमागं राह्यते. तिचं डोकं दुखलं तर एक पाय चेपते, एक पानी आनते. मले आपलं कोन हाय येथी?"

यवतमाळच्या त्या दोन चित्रांत या कारणाला जागा नव्हती. गंजीतही नव्हती, कणगीतही नव्हती.

नर्सबाई हसल्या. "अगं, मग त्यात काय एवढं? आत्ता लावून घे, दोन वर्षं अंग भरू दे. पोरगी हवी वाटली की ये, मी काढून देईन. काढायला काय लागतं?"

पायरीवरची पाठ ताठ झाली. सोनकी वळली.

"काढता येते?"

"येतं म्हणजे? येतंच की. तुला कोणी सांगितलं नाही?"

सोनकीनं नर्सबाईंकडं पाहिलं नाही. माझ्याकडं पाहिलं. "मले वाटे, ते तथीच राह्यते. हाडासारखं." आवाज चढलेला नव्हता. "वर्सभर थांबली असती, मंग काढून घेतलं असतं. हे बिचारी कायले आली असती घरात? पह्यले काहून नाही सांगतलं जी?"

तुम्ही विचारलं नाही, हे वाक्य माझ्या ओठांवर तयार होतं. तीन वर्षं ते मी जपून ठेवलं होतं. "चूक झाली," मी म्हणालो.

"चूक कायची? तुमाले एक बाई भेटली."

शिपाई आतून डोकावला आणि परत आत गेला. जमनी एकदा तिच्याकडं, एकदा माझ्याकडं बघत होती. नेमकं काय घडलं ते तिला उमगत नव्हतं, पण ज्या घरात ती नांदते आहे ते घर आत्ता या पडवीत हललं, एवढं तिला कळलं असावं.

"आता तुमी जे सांगून राह्यल्या," सोनकी नर्सबाईंना म्हणाली, "ते तरी खरं कायले मानू?"

"नको मानू," नर्सबाई सूप बाजूला ठेवून उठल्या. "आत या दोघी. सगळं समोर मांडून दाखवते. मग ठरवा. नाही पटलं तर घरी जा."

सोनकी पायरीवरून उठली. मग तिनं जमनीच्या कडेवरचं पोर काढून घेतलं आणि पुढं येऊन माझ्या हातात दिलं.

"याले धरा. इतकं तरी करा."

आत जाताना तिनं जमनीचा हात धरला होता. ओढत नेत होती की आधार देत होती, ते मागून कळेना. पडदा सरकला. आतून गोर बोलीतलं हळू बोलणं सुरू झालं, मधूनच नर्सबाईंचा प्रश्न, मग पुन्हा त्या दोघींचं. इतकी वर्षं तांड्यांवर काढल्यानं मला त्यांची बोली बऱ्यापैकी समजते. म्हणून मी पडवी उतरून लिंबापर्यंत गेलो, जिथून शब्द ऐकू येत नाहीत तिथं.

पोर जड होतं, चांगलं पोसलेलं. ते माझ्या तोंडाकडं टक लावून बघत होतं, रडावं की नाही याचा विचार करत असल्यासारखं. आत कोणाचं काढायचं ठरलं, कोणाचं लावायचं, की दोघी तशाच उठून घरी जाणार होत्या, मला ठाऊक नव्हतं, आणि ते ठाऊक करून घेण्याचा माझा काही हक्क आहे असंही वाटेना. मी त्याला या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं आणि त्या बोलावतील तोवर उन्हाकडं पाठ करून उभा राहिलो.